आईला बरं देवाने केलं की डॉक्टरांनी?

तुम्ही विचारलंय की आईची बायपास व्यवस्थित पार पडली, घरी सगळे म्हणतात स्वामींनी वाचवलं आणि तुम्ही डॉक्टरांचं नाव काढलं की तुम्हाला नास्तिक ठरवतात. तर तुमचं चुकतंय का?

नाही चुकत. मी रोज देवापुढे दिवा लावते, तरी हेच सांगेन. देवाचे आभार मानले म्हणून कोणाचं काही कमी होत नाही. पण देवाचं नाव घेतलं की विषय संपला, प्रत्यक्ष राबलं कोण हे विचारायचंच नाही, या सवयीचा मला मनापासून राग येतो.

उत्तराखंडमधल्या उत्तरकाशीतला, काम चालू असलेला सिलक्यारा बोगदा आठवा. १२ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन दिवाळीत पहाटे त्याचा काही भाग कोसळला आणि ४१ मजूर आत अडकले. बाबा बौखनाग या तिथल्या स्थानिक देवाचं देऊळ कामासाठी हटवलं म्हणून हा कोप झाला, असं गावकरी म्हणत होते. मग बोगद्याच्या तोंडाशी छोटं देऊळ मांडलं गेलं. ऑस्ट्रेलियाहून आलेले बोगदातज्ज्ञ अर्नॉल्ड डिक्ससुद्धा तिथे हात जोडत. यात मला काहीच खटकत नाही. एवढे जीव आत असताना माणूस हात जोडणारच.

पण मजुरांपर्यंत पोचायला ढिगाऱ्यातून पाइप घातला जात होता, आणि शेवटचे दहा-बारा मीटर उरले असताना तो भोक पाडत आत सरकवणारं ऑगर यंत्र मोडलं. त्याची पाती पाइपातच अडकली, ती कापून काढावी लागली. तेव्हा बोलावले गेले ते 'रॅट होल' पद्धतीने खणणारे कामगार. एरवी दिल्लीत जमिनीखालून पाण्याच्या लाइनी टाकणारी ही माणसं. जेमतेम ८०० मिलिमीटरच्या पाइपात सरपटत शिरायचं, हाताने खणायचं, राडारोडा मागे ढकलायचा. साधारण एका दिवसात त्यांनी वाट मोकळी केली आणि २८ नोव्हेंबरच्या रात्री सगळेच्या सगळे ४१ जण जिवंत बाहेर आले.

उत्तराखंडच्या मुख्यमंत्र्यांनी बाबा बौखनागांचं मंदिर बांधायची घोषणा केली, ते उभंही राहिलं. खणणाऱ्यांना प्रत्येकी ५० हजार रुपये जाहीर झाले. त्यांचे म्होरके वकील हसन यांचं दिल्लीतलं घर मात्र तीनच महिन्यांत, फेब्रुवारी २०२४ मध्ये, अतिक्रमण म्हणून पाडलं गेलं. आज यातल्या एकाचं तरी नाव किती जणांना सांगता येईल?

दवाखान्यात तर हे जास्तच दिसतं. पेशंट बरा झाला की देवाची कृपा, आणि दगावला की डॉक्टरची कॉलर धरायची. डॉक्टर-नर्सना मारहाण होऊ नये म्हणून महाराष्ट्राला २०१० साली वेगळा कायदा करावा लागला. अपयशाच्या वेळी आपल्याला माणूस बरोबर सापडतो, मग यशाच्या वेळीच तो का दिसत नाही?

घरच्यांशी वाद घालू नका. आईची श्रद्धा तिला बळ देत असेल तर ती तशीच राहू द्या. पेढे स्वामींपुढे ठेवाच, पण एक बॉक्स आयसीयूतल्या सिस्टरांनाही नेऊन द्या, आणि आईलाच सोबत घेऊन जा. भूल देणारे डॉक्टर, हार्ट-लंग मशीन सांभाळणारे तंत्रज्ञ, उशी छातीशी धरून खोकायला लावणारे फिजिओथेरपिस्ट, रात्री बेडपॅन देणाऱ्या मावशी, यांची नावं विचारून घ्या. घरात ऑपरेशनचा विषय निघेल तेव्हा ती नावं घ्या. शांतपणे, दर वेळी. आमच्या घरी पंगत उठताना 'अन्नदाता सुखी भव' म्हणतात, आणि ते म्हटल्याने देवाचा अपमान झाला असं कोणालाच कधी वाटलं नाही.

ऑपरेशनच्या वेळी रक्त चढवलं असेल, तर ते देणाऱ्याचं नाव तुम्हाला कळणार नाही. त्याचे आभार मानायचे असतील तर तुमची तब्येत ठणठणीत असताना जवळच्या रक्तपेढीत जाऊन एक पिशवी देऊन या.