पहाटे तीनची जाग आणि डोक्यात फिरणारी थकीत खाती

पत्र : मी ४३ वर्षांची, राष्ट्रीयीकृत बँकेत कर्ज विभागात अधिकारी आहे. राहते बदलापूरला, ऑफिस फोर्टला. पाचला उठते, रात्री साडेअकराला अंग टाकते. झोप लगेच लागते, पण तीनच्या सुमारास जाग येते आणि थकीत खाती डोक्यात फिरत राहतात. सव्वाचारपर्यंत डोळा लागत नाही. साहेब रात्री दहानंतर व्हॉट्सअॅपवर वसुलीचे आकडे मागतात. मुलगी दहावीला, घरी सासूबाई. मिस्टर स्वभावाने चांगले आहेत, 'काय करू ते सांग' म्हणतात. हल्ली चिडचिड होते, पित्त होतं, पाळी पुढेमागे होते आणि अंगावरून जास्त जातं. मागच्या आठवड्यात गाडीत ठाण्याजवळ छाती दाटून आली, हात गार पडले, दहा-पंधरा मिनिटांनी बरं वाटलं. मैत्रिणी म्हणतात योगासनं कर, डायरी लिही, स्वतःसाठी वेळ काढ. ताई, तो वेळ आणू कुठून? मी कमी पडतेय का?

उत्तर :

आधी छातीचं. अचानक छाती दाटणं, हात गार पडणं आणि थोड्या वेळात ओसरणं, हे घाबरेपणाच्या झटक्यात होतं. पण तो घाबरेपणाच होता हे तुम्ही किंवा मी घरबसल्या ठरवायचं नाही. या आठवड्यातच फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी आणि रक्तदाब तपासून घ्या. त्याच खेपेला हिमोग्लोबिन, फेरीटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइडसाठी टीएसएच, बी१२ आणि साखर तपासायला सांगा. अंगावरून जास्त जात असेल तर लोह उतरतं, आणि लोह उतरलं की जिना चढताना धाप, छातीत धडधड, चिडचिड हे सगळं होतं. बायकांचं हिमोग्लोबिन १२च्या खाली गेलं की ते कमीच धरतात. चाळिशीनंतर पाळीची चाल बदलू लागते तेव्हाही झोप मधेच तुटते, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा. हे सगळं तणावाच्या खात्यावर टाकून बसलात तर वर्षभर श्वासाचे व्यायाम कराल आणि थकवा तिथेच राहील.

पुन्हा गाडीत तसंच झालं, आणि सोबत दुखणं डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम आला किंवा श्वास पुरेना, तर पुढच्या स्टेशनला उतरा आणि शेजारच्या बाईला १०८ लावायला सांगा. ऑफिसला उशीर होईल, होऊ द्या.

आता हिशेब मांडू, तुमचा तो रोजचाच आहे. साडेअकरा ते पाच म्हणजे साडेपाच तास. त्यातले तीन ते सव्वाचार वजा केले की उरतात सव्वाचार. मोठ्या माणसाला किमान सात तास लागतात. रोज पावणेतीन तासांची तूट, पाच दिवसांत जवळजवळ चौदा तास. या तुटीवर कुणाचंही डोकं शांत राहत नाही, तुमचंच का राहावं? म्हणून योगासनं आणि डायरी सध्या बाजूला ठेवा. भरलेल्या दिवसात आणखी एक काम घालून आराम मिळत नाही. तुमची गरज कामं कमी होण्याची आहे आणि झोप परत मिळवण्याची.

झोपेत तीन गोष्टी आड येतायत असं मला वाटतं. पहिली चहा. बँकेत दिवसाला चार-पाच कप सहज होतात आणि शेवटचा संध्याकाळी सहाला, निघण्याआधी. चहातल्या कॅफीनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही रक्तात असतो. शेवटचा कप दुपारी अडीचला. एकदम तोडू नका, डोकं ठणकेल. दर तीन दिवसांनी अर्धा कप कमी करा. जेवणालगतचा चहा आधी सोडा, त्याने जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. पित्ताला डबा वेळेवर न उघडणं हेही कारण असतं. दीडला जेवता आलं नाही तर निदान मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा ड्रॉवरमध्ये असू द्या.

दुसरी, संध्याकाळची गाडी. ठाण्यानंतर चौथ्या सीटवर टेकायला मिळालं की डोळा लागतो तो अंबरनाथलाच उघडतो, असं होत असेल तर ती अर्ध्या तासाची झोप रात्रीच्या झोपेतून वजा होते. डुलकी सकाळच्या गाडीत काढा, वीस मिनिटांची. संध्याकाळी जाग्या राहा. रविवारी दहापर्यंत झोपणंही असंच महागात पडतं, कारण मग रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार तिथूनच बिघडतो. सुट्टीला फार तर सहा-साडेसहापर्यंत. हवी तर दुपारी तीनच्या आत अर्धा तास आडव्या व्हा.

तिसरी, ती खाती. कर्ज विभागात काम करणाऱ्याला तीनला जाग का येते हे समजतं. हप्ता ६० दिवसांच्या पुढे थकला की खातं एसएमए-२च्या, म्हणजे धोक्यातल्या खात्यांच्या यादीत येतं, ९० ओलांडले की एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, आणि तारीख कुणासाठी थांबत नाही. डोकं रात्री तेच मोजत बसतं, कारण दिवसा कुठेच ते काम 'नोंदलं' असं त्याला वाटलेलं नसतं. रोज ऑफिस सोडण्याआधी, टेबलावरच, दहा मिनिटं एक साधी वही घ्या. एका पानावर दोन रकाने : काय खुपतंय आणि उद्याची पहिली हालचाल. उदाहरणार्थ, 'गॅरेजवाल्याचं खातं, २८ तारखेला ९० दिवस भरतात' आणि समोर 'उद्या साडेदहाला फोन, जामीनदाराला पत्र'. दुसरा रकाना रिकामा सोडायचा नाही, तिथेच बहुतेकांचं चुकतं. नुसत्या काळज्या लिहिल्या तर त्या वाढतात. वही ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावा, घरी आणू नका.

तरीही तीनला जाग आलीच तर घड्याळ आणि मोबाइल पाहू नका. अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, मंद दिव्यात खुर्चीत बसा, कपड्यांच्या घड्या घाला किंवा जुना दिवाळी अंक वाचा. डोळे जड झाले की परत अंथरुणावर. तळमळत पडून राहिलं की शरीराला सवय लागते, की अंथरूण ही काळजी करायची जागा आहे. दोन-तीन आठवडे हे नेटाने करावं लागतं, आणि पहिला आठवडा उलट जास्त जड जातो.

श्वासाचं एवढंच करा : नाकाने चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं, सकाळी गाडीत. उभ्यानेही जमतं. बाहेर सोडणं लांबलं की हृदयाची गती उतरते. खोल खोल, जोरात घेऊ नका. त्याने चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस आणखी घाबरतो.

साहेबांचं. रात्रीच्या मेसेजवर भांडायला जाऊ नका, त्याआधी आकडे देऊन टाका. उद्या ईमेल लिहा : 'सर, वसुलीचा तक्ता रोज संध्याकाळी सव्वासहापर्यंत पाठवत जाईन. त्यानंतर तातडीचं असल्यास फोन करावा, रात्री ९ ते सकाळी ७ मेसेज पाहणं होत नाही.' मग खरोखरच ग्रुप म्यूट. एकदा पावणेअकराला उत्तर दिलंत की आधीचे पंधरा दिवस वाया गेले असं समजा. तिमाहीचे शेवटचे आठ-दहा दिवस, विशेषतः मार्चचे, वेगळे धरा. तेव्हा ताण असणारच. त्या दिवसांत घरात पाहुणे, समारंभ, मोठी साफसफाई काही ठरवू नका, आणि तिमाही संपल्यावरच्या आठवड्यात दोन दिवसांची रजा आत्ताच टाकून ठेवा. कल्याण-अंबरनाथ भागातल्या शाखेसाठी बदलीचा अर्जही करा. नाही मिळाली तरी अर्ज नोंदलेला राहतो.

आता घर, आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय. 'काय करू ते सांग' यात मायाच आहे, पण सांगण्याचं काम तुमच्याच डोक्यावर राहतं. भाजी आणून देणं सोपं, भाजी संपलीय हे ध्यानात ठेवणं दमवतं. म्हणून मदत मागू नका, अख्खी कामं देऊन टाका. दोन पुरेशी आहेत : लेकीचा सकाळचा डबा, आणि सासूबाईंची औषधं व डॉक्टरांच्या तारखा. डबा म्हणजे काय करायचं ते ठरवणं, आणणं, निवडणं, करणं, आणि बिघडलं तर निस्तरणं, सगळंच त्यांचं. पहिल्या पंधरा दिवसांत भाजी खारट होईल, डबा एक दिवस राहील, सासूबाई बोलतील. तेव्हा तुमचा हात आपसूक कढईकडे जाईल. जाऊ देऊ नका. आणि सासूबाईंना हा बदल त्यांच्या मुलानेच सांगायचा. तुमच्या तोंडून तो तक्रार वाटेल, त्याच्या तोंडून घरचा निर्णय वाटेल. लेकीलाही कळू द्या, दहावीची आहे, तिला सगळं दिसतंच आहे. डबा गेला की तुम्ही पाचऐवजी पावणेसहाला उठू शकता. रात्री साडेदहाला आडव्या झालात की सव्वासात तास झाले.

'मी कमी पडतेय का?' असं विचारलंत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट' या अवस्थेची नोंद केली : शक्ती संपणं, कामापासून मन उडणं, आपण काही नीट करत नाही असं वाटत राहणं. ते तिथे नोंदलंय कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून. म्हणजे तुम्हाला कमी पडल्यासारखं वाटणं हेही त्या थकव्याचंच लक्षण आहे. ते वाटतंय म्हणून खरं धरू नका.

महिन्याभरात झोप साडेसहा-सातांवर आली नाही, किंवा रोज सकाळी रडू येतंय, कशात रस उरला नाही असं दोन आठवडे सलग झालं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगणं नकोसं वाटलं तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. आरोग्य विम्याबद्दल शंका असेल तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यायला बांधलेलं आहे. तुमच्या पॉलिसीत काय काय बसतं ते आधी विचारून घ्या.

ईसीजीसाठी येत्या दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारची वाट पाहू नका. उद्या अर्धी रजा टाका आणि मिस्टरांना सोबत न्या.