दिसणं गोष्टीवर भारी पडू शकतं का? हो, पण कुठलं दिसणं ते बघायला लागतं

तुम्ही विचारलंय की भन्साळींसारख्या दिग्दर्शकाच्या पिक्चरमध्ये दिसणं गोष्टीला खाऊन टाकतं का, आणि खाल्लं तर तो पिक्चर चांगला म्हणायचा का. माझं उत्तर: हो, खाऊ शकतं, आणि कधीकधी ते मला आवडतंसुद्धा. मी ठाण्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, दिवसातले आठ-नऊ तास रंग आणि फ्रेम यांच्यातच जातात, त्यामुळे या विषयावर माझं मत जरा ठाम आहे.

भन्साळींचा सावरिया 2007 च्या दिवाळीत आला, मी तेव्हा कॉलेजला होतो, मामेभावाबरोबर गेलो होतो. निळा हिरवा रंग, पाणी, पूल, सगळा सेट, पहिली दहा मिनिटं मी खुर्चीत पुढे सरकून बघत होतो. गोष्ट मूळ दोस्तोव्हस्कीची, एकटा मुलगा काही रात्री एका मुलीला भेटतो, ती दुसऱ्याची वाट बघत असते आणि शेवटी तो दुसरा येतो. म्हणजे रात्रीगणिक त्या मुलाची आशा वाढली पाहिजे ना, पण पडद्यावर पहिल्या रात्री जेवढं सुंदर तेवढंच शेवटच्या रात्री, त्यामुळे ती निघून गेली तरी माझ्या पोटात काही हललं नाही. निळा लक्षात राहिला, मुलगा नाही. दिसण्याने गोष्ट खाल्ली म्हणतात ते हे.

पण त्याच माणसाचा ब्लॅक (2005) बघा. मुलीला दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि अख्खं घर काळोखं, बाहेर पांढराशुभ्र बर्फ. कारंज्याच्या पाण्यात तिला पहिल्यांदा शब्दाचा अर्थ कळतो तो सीन आवाज बंद करून बघा, काही अडत नाही. स्टाइल तीच, भव्य, प्रत्येक कोपरा सजवलेला, पण इथे ती त्या मुलीच्या बाजूने उभी आहे.

माझ्या कामातलं सांगतो. पार्टी येते, मोबाईलवर कुठलंतरी रील दाखवते आणि म्हणते आम्हाला असा कलर पाहिजे, म्हणजे टील-ऑरेंज, सगळं निळसर-हिरवं आणि केशरी करणारा. तो हळदीच्या फुटेजवर लावला की हळदीचा पिवळाच मरतो, नवरीच्या गालावर लागलेलं केशरी काहीतरी दिसायला लागतं, मागची हिरवी पानं निळसर होतात. फ्रेम छान दिसते, कोणी तक्रार करत नाही, पण ती हळद राहत नाही हो. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून मी प्रत्येक पार्टीला दोन्ही करून दाखवतो, आणि बऱ्याचदा घरातली आजी नाहीतर काकू पिवळ्यावरच बोट ठेवते.

आता तुंबाड. गोष्ट एका ओळीची आहे, हाव सुटत नाही, बस. दिग्दर्शक राही अनिल बर्वेंना बीज मिळालं ते भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांच्या कथेतून, आणि धारप वाचलेल्यांना तो गारवा लगेच ओळखू येतो. शूटिंग 2012 ला सुरू झालं आणि पिक्चर आला 2018 ला, त्याचं एक कारण म्हणजे खऱ्या पावसात शूट करायला त्यांनी कितीतरी पावसाळे घालवले. तो पाऊस काही सजावट नाहीये, गावाला लागलेला शापच आहे तो, छत्री, वाडा, चिखल सगळं ओलं, आणि मग खाली उतरल्यावर ती लालभडक जिवंत खोली. इथे दिसण्याने गोष्टीवर मात केलीय आणि मी त्याच्या बाजूने आहे. सप्टेंबर 2024 ला परत थेटरात लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा केला, म्हणजे शेवट माहीत असलेली माणसंसुद्धा परत गेली. मी आईला घेऊन गेलो होतो, तिला भुताचे पिक्चर अजिबात आवडत नाहीत, घोडबंदर रोडला रिक्षात बसल्यावर ती एवढंच बोलली की मला अजून ओल्यासारखं वाटतंय.

अजून एक, दृश्यशैली म्हटलं की लोकांना रंग आणि भव्य सेटच आठवतात, हे मला पटत नाही. फँड्री (2013) मधे डुक्कर काठीला लटकवून शाळेच्या भिंतीसमोरून नेतात आणि त्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई यांची चित्रं, एक डायलॉग नाही. ही स्टाइल नाही तर काय आहे? चैतन्य ताम्हाणेचा कोर्ट (2014) तर अजून कोरडा, कॅमेरा लांब ठेवलेला, जवळजवळ हलतच नाही, माणसं आपली येतात जातात. सुट्टी लागते, कोर्टातले दिवे बंद होतात, पडदा काळा, आपल्याला वाटतं संपला, आणि मग जजसाहेब पिकनिकला गेलेले दिसतात. तो काळोख मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त लागला.

तेव्हा तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे असा पिक्चर चांगला म्हणायचा का याचं सांगायचं तर मी पिक्चर बघून आल्यावर आठवड्याने एक गोष्ट करतो, एखादी फ्रेम आठवतो आणि विचारतो की तेव्हा तिथल्या माणसाला काय वाटत होतं. तुंबाडमधली कुठलीही फ्रेम काढा, त्यातल्या नायकाला, विनायकला काय पाहिजे ते मला माहीत असतं. सावरियाचा तो पूल मला आजही स्पष्ट दिसतो, पण त्यावर उभ्या असलेल्या मुलाचं काय चाललं होतं ते नाही सांगता येत.