ड्रॅगनचा गोलक की ड्रॅगनाला वेसण?

देवगडच्या एका वाचकांनी विचारलंय. ते मराठीत एक अद्भुतकथा लिहिताहेत. त्यात तळहातावर मावेल एवढा, काचेसारखा एक गोळा आहे. तो ज्याच्या हाती, त्याच्या शब्दाबाहेर एकही ड्रॅगन जात नाही. मात्र धरणारा मनाचा कच्चा असेल तर गोळाच त्याचा ताबा घेतो. इंग्रजीत अशा वस्तूला ‘ड्रॅगन ऑर्ब’ म्हणतात. मराठीत ‘ड्रॅगन-गोलक’ म्हणावं, ‘सर्पगोल’ की सरळ ‘नागमणी’?

आधी ड्रॅगनचं उरकून घेऊ. तो ड्रॅगनच राहू द्या. व्याल, शरभ, मकर अशी जुन्या शिल्पांतल्या काल्पनिक प्राण्यांची नावं लोक सुचवतात, पण ती प्रत्येक जागा आधीच भरलेली आहे. जंजिऱ्याच्या दरवाज्यावर पंजांत हत्ती दाबून धरलेलं श्वापद कोरलंय, त्याला बरेच जण शरभ म्हणतात. त्याला ना पंख, ना तोंडातून आग. मकर पाण्यातला. ‘महासर्प’ लिहिलंत तर कोकणातल्या वाचकाला मागीलदारचं जनावर आठवेल. (आमच्याकडे तिन्हीसांजेनंतर ‘साप’ म्हणत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात, आणि तेवढ्यावर सगळ्यांना कळतं.) शिवाय ड्रॅगन हा शब्द वाटतो तेवढा परका नाही. लॅटिन ‘द्राको’, त्यामागे ग्रीक ‘द्राकोन’, आणि त्याचा संबंध बहुतेक व्युत्पत्तिकार ‘पाहणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूशी जोडतात. त्या धातूचा संस्कृत भाऊ म्हणजे आपला ‘दृश्’. रोखून बघणारा तो ड्रॅगन. ज्याच्या नजरेतच विष आहे अशा सापाला संस्कृतात ‘दृष्टिविष’ म्हणतात, म्हणजे कल्पनासुद्धा शेजारचीच. आपण ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठमोहऱ्या ओवाळतो तेव्हा ड्रॅगनच्या चुलत घराण्याशीच व्यवहार करत असतो, असं म्हणायला मला आवडतं.

खरी अडचण गोळ्याची आहे.

‘गोलक’ हा पाठ्यपुस्तकी शब्द. डोळ्याचा गोलक इथवर ठीक, पण जादूगाराने खिशातून गोलक काढला की प्रयोगशाळेचा वास येतो. ‘गोळा’ म्हणाल तर तो पोटात येतो, बर्फाचा असतो नाहीतर तोफेचा. ‘लोलक’ दिसायला देखणा, पण तो झुंबराला टांगलेला असतो. ‘मणी’ मात्र चांगला आहे. लहान, जुना, मुठीत मावणारा, आणि मराठीत त्याच्यात आधीपासून थोडी जादू मुरलेली.

मग नागमणी का नको? कारण नागमणी नागाचा असतो. तो त्याच्या माथ्यावर असतो, त्याचंच भूषण. ‘मणिना भूषितः सर्पः’ हे सुभाषित शाळेत घोकलेल्यांना मण्याचा मालक कोण ते पाठ आहे. भर्तृहरीच्या नीतिशतकात मगरीच्या दाढांमधून मणी उपटून काढण्याची गोष्ट येते, तिथेही मणी जनावराच्याच तोंडात. तेव्हा ‘ड्रॅगनमणी’ वाचून वाचक हेच समजणार, की कोणीतरी ड्रॅगनच्या डोक्यातला मणी पळवलाय. तुमची वस्तू तर ड्रॅगनच्या विरुद्ध बाजूची आहे.

हा घोटाळा समासाचा आहे. ‘नागपाश’ घ्या. नागांना अडकवायचा पाश नव्हे तो, नागांचाच केलेला पाश. इंद्रजिताने राम-लक्ष्मणांना त्याने जखडलं. याउलट ‘गजांकुश’ म्हटलं की कुणी गोंधळत नाही, कारण हत्तीला अंकुश कशाला लागतो हे ‘अंकुश’ या शब्दातच आहे. म्हणजे नाव चालायचं तर दुसऱ्या पदात धाक हवा, आकार नव्हे. ऑर्ब म्हणजे नुसता गोल. तिथे आकारावरून नाव पडलं म्हणून आपणही आकाराच्या मागे का लागायचं?

तुम्ही पाठवलेला कथेतला परिच्छेद मी आमच्या काकीला वाचून दाखवला. वेंगुर्ल्याच्या घरी ती पडवीत बसून आमसुलं निवडत होती. ‘त्याने गोलकाच्या साहाय्याने ड्रॅगनवर नियंत्रण प्राप्त केले’ हे वाक्य तिने दोनदा म्हणायला लावलं आणि म्हणाली, “मगे तेना जनावर बांधल्यान, असां सरळ सांग ना.”

बांधल्यान! हाच तो शब्द. कोकणात गावाची सीम बांधतात, भूत बांधतात, वाघाचं तोंड बांधतात. दोरी दिसत नाही आणि तरी पुढचा हलत नाही, याला मराठीत बांधणं म्हणतात. ‘नियंत्रण प्राप्त करणं’ हे टेबलाखुर्चीचं काम आहे.

या ‘बांधण्या’ला नाम हवं तर मी वेसण घेईन. नांगरणीच्या दिवसांत जवळून बघा: बैलाच्या दोन्ही नाकपुड्यांमधून ओवलेली बोटाएवढी दोरी, चार-पाच वर्षांचं पोर तिला हलका हिसका देतं आणि ते अख्खं धूड मान वळवतं. तुमचा गोळा नेमकं हेच करतो, फक्त लांबून. आणि वेसण आली की क्रियापदं फुकट मिळतात. वेसण घालता येते, ओढता येते, सैल सोडता येते, ती तुटते. गोलकाचं काय करणार? वापरणार. सतराव्या पानावर ‘वापरला’ तिसऱ्यांदा आला की वाचक जांभई देतो.

म्हणून माझी सूचना ‘वेसणमणी’. पहिल्या भेटीला पूर्ण नाव, पुढे नुसता ‘मणी’. लिंग मण्याचंच, म्हणजे तो वेसणमणी. सामान्यरूप सांभाळा: ‘मणीने’, ‘मणीला’ नव्हे, ‘मण्याने’, ‘मण्याला’. ड्रॅगनचं सामान्यरूप दोन्ही तऱ्हांनी चालतं. ‘स्टेशनवर’ आणि ‘स्टेशनावर’ दोन्ही ऐकू येतं, तसंच ‘ड्रॅगनला’ आणि ‘ड्रॅगनाला’. मला दुसरं आवडतं, त्यात पाहुणा ओटीवरून माजघरात आल्यासारखा वाटतो. पण एकाच पानावर दोन्ही नकोत.

राहिली गोळाच माणसाचा ताबा घेतो ती बाजू. तुम्ही ‘वस्तूचा प्रतिकूल परिणाम झाला’ असं लिहिलंय. ते काढा. मूठ मारली आणि ती मारणाऱ्यावरच फिरली, तर आपण म्हणतो मूठ उलटली. विद्या उलटते, मंत्र उलटतो. मणीही उलटेल. तुमचं वाक्य मी असं करीन: ‘त्याने मणी मुठीत आवळला. ड्रॅगनाला वेसण बसली, मान खाली आली. दुसऱ्या रात्री मणी उलटला.’

काकीची शंका अजून बाकी आहे, ती तुमच्यापर्यंत पोचवायचं कबूल केलंय: ड्रॅगनला नाकपुड्यांतूनच आग येते ना, मग वेसण जळत कशी नाही?