सोलापुरात दिव्यांग आणि एकट्या राहणाऱ्या लोकांना मोबाइल शिकवायचा आहे, पण फसवणुकीची भीती वाटते. सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही काही कॉलेजचे मित्र पूर्व भागात राहता. गल्लीतले एक दृष्टिहीन काका, पोलिओमुळे घराबाहेर फारशा न पडणाऱ्या एक ताई आणि दोन-तीन एकटी म्हातारी माणसं, यांना व्हॉट्सॲप आणि यूपीआय शिकवायचं तुमच्या मनात आहे. शेवटी विचारलंय, "आम्ही शिकवलं आणि कुणी त्यांना लुटलं तर?" मी सोलापुरातच काही जणांबरोबर हे काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भीती रास्त आहे. पण या लोकांनी फोन हातात घेतला नाही म्हणून ते व्यवहारातून सुटलेले नसतात. संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान खात्यातच जमा होतं. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज, गॅसचं बुकिंग, विजेचं बिल, सगळं कुणाच्या तरी मोबाइलवरून चाललेलं असतं. ओटीपी शेजारच्या पोराला सांगितला जातो, एटीएम कार्ड पिनसकट पुतण्याकडे असतं. धोका आजही आहे, फक्त त्यावर त्यांचा काही ताबा नाही. तुम्ही शिकवणार म्हणजे तो ताबा त्यांच्या हातात देणार, असं समजून कामाला लागा.

माझ्या मते या कामात शिकवण्यापेक्षा मोठी गोष्ट दुसरीच आहे. फसवणारा माणूस पहिली अट घालतो ती म्हणजे "कुणाला सांगू नका". 'डिजिटल अरेस्ट'वाले हेच करतात: व्हिडिओ कॉलवर खाकी कपडे, तुमच्या नावाचं पार्सल पकडलं म्हणून दमदाटी, आणि दार लावून घ्या, फोन ठेवू नका. आपल्या कायद्यात अशी अटक नाहीच. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्येही हे स्पष्ट सांगितलं होतं. पण एकट्या माणसाच्या बाबतीत "कुणाला सांगू नका" ही अट आधीच पुरी झालेली असते. त्याला सांगायला कुणी नसतंच. उलट तो चोर दिवसभरात त्याच्याशी तासभर बोललेला एकमेव माणूस असू शकतो. म्हणून बटण दाबण्याआधी ज्याला फोन लावता येईल असा एक माणूस त्यांना मिळवून द्या. तो माणूस तुम्ही व्हा. धडे नंतर.

धडे सुरू कराल तेव्हा पैशापासून सुरू करू नका. काकांना काय हवंय ते विचारा. बहुतेकांना पुण्याला गेलेल्या मुलाला व्हॉइस मेसेज पाठवायचा असतो, भजन ऐकायचं असतं, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक घरबसल्या ऐकायची असते. भाषाही विचारूनच ठरवा. आपल्याकडे घरात तेलुगू बोलणारी आणि मराठी शाळेत शिकलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. त्यांना फोनचा आवाज कोणत्या भाषेत बरा वाटतो ते त्यांनाच माहीत. कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांचंही तेच.

आणि फोन त्यांच्या हातातून घेऊ नका. हे सर्वांत अवघड जातं. "तूच कर की बाळा, मला कुठं कळतंय" असं अक्का म्हणणारच, आणि आपल्यालाही दोन मिनिटांत उरकायची घाई असते. तरी हात त्यांचाच चालू द्या, आपण फक्त तोंडानं सांगायचं. जे त्यांच्या बोटांनी केलेलं नाही ते तुम्ही गेल्यावर त्यांना करता येत नाही, आणि मग ते पुन्हा कुणाच्या तरी हातात फोन देतात.

दृष्टिहीन काकांसाठी अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय असतेच, वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. सेटिंगमध्ये शॉर्टकट एकदा चालू केला की आवाजाची दोन्ही बटणं एकत्र दाबून धरली की ते चालू-बंद होतं. एक बोट पडद्यावर फिरवलं की खाली काय आहे ते वाचतं, उजवीकडे सरकवलं की पुढची गोष्ट, आणि दोनदा टकटक केलं की ती उघडते. पहिले काही दिवस एवढंच होऊ द्या, दुसरं काही नको. सोबत रिझर्व्ह बँकेचं 'मणी' ॲप टाकून द्या. 1 जानेवारी 2020 ला आलेलं हे ॲप कॅमेऱ्यासमोर धरलेली नोट किती रुपयांची ते सांगतं, त्याला इंटरनेटही लागत नाही. किराणा दुकानात सुट्टे मोजून घेता आले की काकांचा फोनवरचा विश्वास आपोआप बसतो.

आता टॉकबॅकची एक बाजू, जी डोळस शिकवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. ते पडद्यावरचं मोठ्यानं वाचतं. खात्यातली शिल्लक, ओटीपीचा मेसेज, सगळं. कन्ना चौकातल्या दुकानात उभं राहून काकांनी मेसेज उघडला तर ओळीतल्या सगळ्यांना त्यांची शिल्लक कळते. म्हणून बँकेचं काही उघडायचं तर एका कानात इअरफोन, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. टॉकबॅकच्या मेनूत पडदा काळा करण्याची सोय आहे, तीही दाखवा. नाहीतर मागे उभा असलेला माणूस सगळं बघतोय आणि काकांना पत्ता नाही.

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा वाहन चलनाच्या नावानं एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल येते. ती टाकली की ॲप 'ॲक्सेसिबिलिटी'ची परवानगी मागतं. ती मिळाली की ते पडद्यावरचं सगळं वाचू शकतं, स्वतः बटणंही दाबू शकतं. टॉकबॅक चालतं ते याच परवानगीवर. डोळस माणूस तो अनोळखी शब्द बघून थबकेल तरी, पण काकांना तो शब्द रोजचा आहे, ते सहज 'हो' म्हणतील. म्हणून त्यांना नेमक्या शब्दांत सांगा: टॉकबॅक एकदा सुरू झालं, आता पुन्हा कुणीही ही परवानगी मागितली तर नाही म्हणायचं आणि आम्हाला फोन करायचा.

तुमच्यासाठीही एक नियम आहे. लांबून मदत करायला स्क्रीन शेअरिंग कधीही वापरू नका. एनीडेस्क नको, व्हॉट्सॲपचं स्क्रीन शेअरही नको. सोयीचं आहे, कबूल. पण एकदा तुम्ही ते मागितलं की "पडदा दाखवा" म्हणणारा चांगला कोण आणि चोर कोण हे त्यांनी कसं ओळखायचं? तुम्ही ओटीपी, पिन किंवा पडदा कधीच मागत नाही हे पक्कं असेल, तर जो मागेल तो आपला नव्हे, एवढं ओळखणं कुणालाही जमतं.

पैशाचं म्हणाल तर अनुदान किंवा पेन्शन येतं ते खातं यूपीआयला जोडू नका. दुसरं छोटं खातं काढून त्यात आठवड्याच्या खर्चापुरते पैसे ठेवा. काही झालं तरी नुकसान तेवढ्यापुरतं राहील. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, पिन म्हणजे पैसे जाणार, हे प्रत्येक भेटीत म्हणून घ्या. सगळ्यांना स्मार्टफोन हवाच असंही नाही. साध्या बटणाच्या फोनवर चालणारी यूपीआय 123पे ही सोय मार्च 2022 पासून आहे. आणि सत्तरीपुढच्या व दिव्यांग ग्राहकांना बँकेची मूलभूत सेवा घरपोच द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्येच सांगितलंय. शाखेत जाऊन ते मागा.

तरीही पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीचा नंबर 1930. हा आकडा सोलापूरकराला पाठ करून घ्यावा लागत नाही. 1930 हे इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉचं साल, म्हातारी माणसं ते तोंडावर सांगतात, आणि त्यानंतर फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांचा विषय निघाला की पाऊण तास उठू देत नाहीत. बसा, ऐका, तेही याच कामात धरा. फोन मात्र लगेच करायचा, कारण चोराच्या खात्यातून पैसे पुढे सरकायच्या आत ते अडवता येतात. त्याच वेळी बँकेलाही कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाची चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. ओटीपी स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. लाजेपोटी माणसं दोन-दोन दिवस गप्प बसतात. त्यांना रागावू नका, घरच्यांनाही रागावू देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणारच नाहीत.

तुमच्या यादीत कर्णबधिर कुणी नाही, पण पुढे येतील. 1930 वर बोलावं लागतं, त्यामुळे त्यांच्या वतीनं कोण बोलणार हे आधीच ठरवा, शिवाय सायबर क्राइम पोर्टलवर लिहून तक्रार करायलाही शिकवा.

केवायसीवर, म्हणजे बँकेला ओळख पटवून देण्यावर, अडलात तर माघार घेऊ नका. वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या किंवा मागावर काम केलेल्या हातांचे ठसे झिजतात, मशीन घेत नाही. काकांना ॲप "डोळे मिचकावा" म्हणतं. सर्वोच्च न्यायालयानं 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे कलम 21 चा भाग मानला आणि डिजिटल केवायसी दिव्यांगांना जमेल अशी करण्याचे 20 निर्देश दिले. त्याची प्रत सोबत ठेवा. काउंटरवर तुम्ही बोलू नका, ताईंनाच बोलू द्या. तुम्ही शेजारी उभे राहा.

घरी जाताना दोघं जा, ताईंकडे जाताना त्यात एक मुलगी असावी. फोटो काढून स्टेटसला टाकू नका. कोणाचाही पासवर्ड तुमच्या वहीत नको.

शेवटचं: तुम्ही कॉलेजचे आहात, दोन-तीन वर्षांत निम्मे जण नोकरीसाठी पुण्याला जाणार. तुमच्या जागी येणाऱ्या मुलाला आधी स्वतः घरी नेऊन काकांशी ओळख करून द्या, त्याचा आवाज त्यांना ऐकवा, नंबर त्यांच्याच हातानं साठवून घ्या. ही ओळख फोनवर करून देऊ नका. "मी त्यांच्याच ग्रुपमधून बोलतोय" असं कुणी अनोळखी म्हणाला तर काकांनी फोन ठेवायला हवा, मग तो खरंच तुमचा असला तरी.