प्रवाळाच्या टाकीचा खुराक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : प्रवाळाची, खाऱ्या पाण्याची टाकी २०० लिटरची आहे. कडक प्रवाळ वाढायला लागल्यापासून केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) रोज जवळपास एक अंशाने उतरतो. विकतची दोन बाटल्यांची द्रावणं महिन्याच्या हिशेबात परवडत नाहीत. घरी करायची तर नेमकं प्रमाण काय?
(एक वाचक, ठाणे)

घरी करता येतात आणि रसायनं बहुतेक तीच असतात. प्रवाळ आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतो, त्यामुळे दोन्ही घटक ठरल्या प्रमाणात खर्च होतात : केएच एक अंश उतरला की कॅल्शियम साधारण ७ पीपीएमने (दशलक्ष भागांत ७ भाग) उतरतं. म्हणून बाटल्या दोन आणि डोस जोडीने.

आधी पाण्याचं बघा. आरओच्या पुढे डीआय (उरलेले क्षार काढणारं रेझिन) लावलेलं, मीटरवर टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य दाखवणारं पाणीच घ्या. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच आरओंना टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरलचं कार्ट्रिज असतं. पाण्याला चव यावी म्हणून ते थोडं कच्चं पाणी किंवा क्षार परत मिसळतं. पिण्याला ते उत्तम, टाकीला नाही.

पहिली बाटली सोड्याची. साधा खाण्याचा सोडा घ्या. बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्ल आणि स्टार्च असतो. धुण्याच्या सोड्यात काय मिसळलेलं असेल ते सांगता येत नाही, म्हणून तोही नको. स्टीलच्या ताटात बोटभर थर पसरून ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सियसवर तासभर भाजा. ओव्हन नसेल तर स्टीलच्या कढईत मध्यम आचेवर परता. वाफ आणि कार्बन डायऑक्साइड सुटायला लागला की कोरडी पावडर दुधासारखी खदखदते, झारा तिच्यात पाण्यात फिरावा तसा फिरतो. ही खदखद थांबली की काम होत आलं, पण खात्री तराजूवरच होते : ५०० ग्रॅम सोडा भाजून ३१५ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. ३५० भरला तर परत भाजा. अॅल्युमिनियमचं भांडं वापरू नका आणि नाकातोंडाला रुमाल बांधा, ती धूळ झोंबते.

भाजलेला सोडा ९९ ग्रॅम (म्हणजे भाजण्याआधीचा कच्चा १५७ ग्रॅम) सातशे-आठशे मिलीलिटर पाण्यात विरघळवा आणि मग पाणी घालून एक लिटर पुरं करा. लिटरभर पाण्यात पावडर ओतायची नाही, एकूण द्रावण लिटरभर व्हायला हवं. न भाजता १५७ ग्रॅम सोडा टाकलात तर तो विरघळणारच नाही, तळाशी साका राहील. कच्चाच वापरायचा असेल तर लिटरला ७८ ग्रॅम घ्या आणि या बाटलीचा डोस दुप्पट करा. मात्र भाजलेल्या सोड्याने टाकीचा पीएच वर जातो, कच्च्याने किंचित खाली येतो. एसीसाठी दिवसभर बंद ठेवलेल्या फ्लॅटमध्ये पीएच आधीच पडलेला असतो, तिथे भाजलेलाच बरा.

दुसरी बाटली कॅल्शियम क्लोराइडची : डायहायड्रेट (रेणूत पाणी धरलेलं) १३७ ग्रॅम, वरीलप्रमाणेच एक लिटर पुरं करून. लेबल नीट वाचा. प्रयोगशाळेच्या दुकानात ‘फ्यूज्ड’ किंवा ‘अॅनहायड्रस’ म्हणून मिळतं ते वेगळं, बिनपाण्याचं, त्याचे १०४ ग्रॅमच पुरतात. दोन्हींत गल्लत झाली की बाटली एकतृतीयांशाने जड किंवा पाव हिश्शाने हलकी होते, आणि महिनाभर कॅल्शियम का सरकतंय ते कळत नाही. पावडर पाण्यात थोडीथोडी टाका. पावडरीवर पाणी ओतलंत तर एकदम इतकी उष्णता सुटते की काचेची बरणी तडकू शकते.

डोस असा : १०० लिटर पाण्यात केएच एक अंश चढवायला दोन्ही बाटल्यांतलं प्रत्येकी १९ मिलीलिटर. हिशेब टाकीच्या मापावर न करता आत खरोखर असलेल्या पाण्यावर करा. खडक आणि वाळू वजा केली तर २०० लिटरच्या टाकीत १६०–१७० लिटरच भरतं. तीन दिवस डोस थांबवून रोज एकाच वेळी केएच मोजा, सरासरी उतार हा तुमचा रोजचा खर्च. आधीच खाली आलेला केएच दिवसाला एक अंशाहून जास्त चढवू नका. केएचचा मुक्काम ७ ते ९ अंश आणि कॅल्शियमचा ४२० पीपीएमच्या आसपास.

सोड्याची बाटली तपासायची सोपी युक्ती : १ मिलीलिटर द्रावण आरओ-डीआयच्या पाण्यात ५०० मिलीलिटरपर्यंत पातळ करा आणि केएचची चाचणी लावा. साडेदहा अंश आला पाहिजे. आठ-नऊ आला तर सोडा कच्चा राहिलाय किंवा तराजू खोटा आहे.

मॅग्नेशियम हळू खर्च होतं, महिन्याकाठी मोजलं तरी चालतं. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट ३५० ग्रॅम आणि एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) ५० ग्रॅम, पाण्यासह एक लिटर. १०० लिटरमध्ये १०० पीपीएम चढवायला याचे सुमारे २१३ मिलीलिटर लागतात, ते दोन-तीन दिवसांत विभागून द्या. १२५० ते १३५० मध्ये राहिलं की पुरे. शेतीच्या दुकानातलं एप्सम स्वस्त पडतं, पण औषधी प्रतीचं घ्या. फरक काही रुपयांचाच असतो.

प्रश्न : डोस टाकला की पाणी पांढरं होतं. हीटरवर आणि पंपात खडूसारखा थर धरलाय. रोज डोस देऊनही कॅल्शियम घसरतंच आहे.
(एक वाचक, रत्नागिरी)

थर खडूसारखा नाही, खडूच आहे. दोन्ही द्रावणं एकाच कोपऱ्यात पाठोपाठ ओतली की ती प्रवाळापर्यंत पोचण्याआधीच आपसात लागतात आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. म्हणजे डोस तुमच्या हीटरने खाल्ला. सोडा सकाळी आणि कॅल्शियम संध्याकाळी द्या, किंवा निदान अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) झोतात बारीक धारेने टाका. नुसता सोडा टाकल्यावर क्षणभर धूसर ढग दिसून विरला तर काळजी नको. धुकं तासभर टिकत असेल तर डोस मोठा आहे, चार भागांत विभागा. मॅग्नेशियमही मोजा. ते १२०० च्या खाली गेलं की असा थर लवकर धरतो. हीटर आणि पंप निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी यात तासभर भिजत ठेवले की साफ होतात.

कोकणात आणखी एक भानगड आहे. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात उघडी राहिलेली पिशवी आठवड्यात ओला गोळा होते, मग १३७ ग्रॅममध्ये बरंचसं पाणीच भरतं. नवी पिशवी आणली की सगळीचं एकदम द्रावण करून ठेवा. बाटलीत ते खराब होत नाही.

खारेपणाही बघा. या दोन द्रावणांतून कॅल्शियम कार्बोनेट प्रवाळात जातं आणि मागे मीठ उरतं. २०० लिटरला रोज एक अंशाचा डोस असेल तर महिन्याला सव्वाशे ग्रॅम, म्हणजे खारेपणात हजारी (हजार भागांत) ०.६ ची वाढ. नियमित पाणी बदलताना ते निस्तरतं, पण रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) चुकीचा असेल तर कळणारच नाही. तो आरओच्या पाण्यावर शून्य करून भागत नाही. ३६.५ ग्रॅम शुद्ध मीठ ९६३.५ ग्रॅम पाण्यात विरघळवा. या पाण्यावर काटा हजारी ३५ वर आला पाहिजे.

प्रश्न : पानाला लावायचा चुना टाकीला चालेल का? परदेशी लोक ‘काल्कवासर’ वापरतात असं वाचलं.
(एक वाचक, सांगली)

काल्कवासर म्हणजे जर्मनमध्ये चुन्याचं पाणी, आपली चुन्याची निवळी. कल्पना बरोबर आहे, माल चुकीचा आहे. पानाचा चुना ओला असतो, त्यात पाणी किती आणि मॅग्नेशिया-सिलिका किती ते कळत नाही. प्रयोगशाळेच्या प्रतीचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या, लिटरला २ ग्रॅम. थोडा साका राहणारच. साखरेच्या उलट, चुना गार पाण्यात जास्त विरघळतो. वर साय धरते ती हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची करणी, तिला हलवू नका. मधली स्वच्छ निवळी तेवढी घ्या.

बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी ही निवळी रात्री थेंबथेंब टाका, तेव्हा पीएच मुळातच खाली असतो. १०० लिटरच्या टाकीत दिवसाला दीड लिटर आटत असेल तर तेवढ्या निवळीतून पावणेदोन अंशांच्या आसपास केएच मिळतो, शिवाय मीठ साठत नाही. एवढा खर्च नसेल तर निवळी साध्या पाण्याने पातळ करा. धोका एकच, पण मोठा : निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. फ्लोट स्विच (पातळी भरली की पुरवठा बंद करणारा) अडकला आणि वीस लिटरचा कॅन एका रात्रीत टाकीत उतरला तर सकाळी काही उरत नाही. कॅन दोन दिवसांपुरताच भरा. हाताळताना चष्मा लावा.

प्रश्न : आयोडीन औषधाच्या दुकानातलं चालेल का?
(एक वाचक, पुणे)

नाही. जखमेच्या पोविडोन-आयोडीन द्रावणात टाकीला नको असलेली इतर द्रव्यंही असतात. मोजता न येणारं काहीच टाकीत घालू नये. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलत असाल तर सूक्ष्म घटक बहुतेक टाक्यांत भागतात.

प्रश्न : मालवणच्या किनाऱ्यावर प्रवाळाचे मेलेले तुकडे मिळतात. ते सम्पमध्ये (टाकीखालच्या गाळणीच्या टाकीत) टाकले तर कॅल्शियम आपोआप मिळेल ना?
(एक वाचक, कुडाळ)

तुकडे उचलूच नका. भारतात कडक प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जिवंत असो वा मेलेला, गोळा करणं आणि बाळगणं गुन्हा आहे. आणि उपयोगही नाही. ८.१ पीएचच्या समुद्री पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट विरघळत नाही, शिंपल्यांचा चुराही तसाच पडून राहतो. तो विरघळवायला बंद नळकांड्यात कार्बन डायऑक्साइड सोडून पीएच साडेसहाच्या आसपास आणावा लागतो. त्या यंत्राला कॅल्शियम रिअॅक्टर म्हणतात, आणि त्यात भरायचे अरॅगोनाइटचे (कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजाचे) खडे विकत मिळतात.