बीपीसाठी दिलेल्या 'लघवीच्या गोळी'नं किडनी खराब होते का? ती घेताना काय सांभाळावं?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: आईंचं वय ६४, टेल्मिसार्टन चालू असूनही वरचं बीपी १६०च्या खाली येईना, म्हणून डॉक्टरांनी क्लोर्थॅलिडोन १२.५ मिलिग्रॅम जोडलेली गोळी लिहून दिली. शेजारच्या काकू म्हणाल्या, लघवीच्या गोळीनं किडनी जाते. तेव्हापासून आई किडनी 'साफ राहावी' म्हणून दिवसाला चार-पाच लिटर पाणी पितायत. गोळी चालू ठेवावी का, कधी द्यावी आणि एकादशी चालेल का, हे तुम्हाला हवंय.

मी फार्मासिस्ट आहे, सोलापूर जिल्ह्यात औषधांचं दुकान चालवतो. डोस ठरवणं तुमच्या डॉक्टरांचं काम. पण गोळी घरी नेल्यावर लोक तिचं काय काय करतात, ते काउंटरवर रोज कळतं.

गोळी परस्पर बंद करू नका. पाणी मात्र आजपासून कमी करा.

किडनीतल्या बारीक नळ्यांत गाळून आलेलं बहुतेक सगळं मीठ, म्हणजे सोडियम, शरीर परत शोषून घेतं. क्लोर्थॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड, इंडापामाइड ही एकाच घरातली औषधं त्यातलं थोडं शोषण अडवतात. मीठ लघवीवाटे निघून जातं आणि पाणी त्याच्या मागोमाग जातं. सुरुवातीला लघवीला जास्त वेळा जावं लागतं. काही आठवड्यांत ते बरंचसं निवळतं आणि तरीही बीपी खाली राहतं, कारण तोवर रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. 'आता लघवी होत नाही, म्हणजे गोळी लागू पडेना' असं म्हणत निम्मी पाकिटं परत आणणारी गिऱ्हाइकं मला भेटतात. गोळी तेव्हा आपलं काम नीट करत असते.

आता आईंचं बघा. गोळीनं मीठ बाहेर जातंय, बीपीमुळे जेवणातलं मीठही कमी केलं असेल आणि वरून पाण्यावर पाणी. अशानं रक्तातलं सोडियम विरळ होतं. ते १३५ ते १४५च्या दरम्यान असावं लागतं. या गोळ्यांचा खरा धोका कुठला म्हणाल तर हा, आणि तो जास्त करून वयस्क, किरकोळ अंगाच्या बायकांना, तोही बहुधा पहिल्या काही आठवड्यांत.

गेल्या उन्हाळ्यात एकजण आईसाठी 'अशक्तपणाचं टॉनिक' मागायला आला. काय होतंय विचारलं तर म्हणाला, वयच झालंय, काल चहात साखरेऐवजी पीठ टाकत होती, तोंडावर अन्न नाही, सारखी झोपून असते. गोळ्या दाखव म्हटलं. त्यात लघवीच्या गोळीचं पाकीट पाहिल्यावर टॉनिक न देता त्याला तडक डॉक्टरांकडे पाठवलं. सोडियम ११८ निघालं. दवाखान्यात ठेवावं लागलं, नंतर म्हातारी ठणठणीत झाली. तेव्हा मळमळ, डोकेदुखी, तोल जाणं, बोलण्यात गोंधळ यातलं काही दिसलं तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. त्याच दिवशी दाखवा आणि सगळी पाकिटं सोबत न्या. फिट आली किंवा शुद्ध हरपली तर सरळ मोठं हॉस्पिटल.

पाणी तहानेप्रमाणे, उन्हाळ्यात थोडं जास्त. हृदयाच्या किंवा किडनीच्या त्रासामुळे डॉक्टरांनी माप ठरवून दिलं असेल तर तेवढंच.

रक्ताची तपासणी सांगितली आहे का, हे चिठ्ठीवर बघा. सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा घटक) हे तीन आकडे गोळी सुरू करताना, मग दोन ते चार आठवड्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तरी बघायचे असतात. ही मधली तपासणीच बहुतेकांची राहून जाते. बीपी उतरलं, बरं वाटतंय, मग पैसे कशाला घालवायचे? चिठ्ठीवर नसेल तर तुम्ही स्वतःहून विचारा. क्लोर्थॅलिडोननं पोटॅशियम उतरतं. पोटऱ्यांत गोळे येणं, धडधड ही त्याची खूण. टेल्मिसार्टननं ते चढतं. दोन्ही एकत्र असली की थोडं सावरलं जातं. म्हणून पोटॅशियमचं सिरप किंवा 'लो सोडियम' मीठ मनानं सुरू करू नका. त्या मिठात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. आणि सैंधवाबद्दल मला रोज विचारतात म्हणून सांगतो, तेही सोडियम क्लोराइडच. जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून एक लहान चमचा. त्यात लोणचं-पापडही आले.

साखर आणि युरिक ॲसिड थोडं वाढू शकतं. युरिक ॲसिडमुळे पायाचा अंगठा अचानक लाल होऊन ठणकायला लागला तर डॉक्टरांना सांगा. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल किंवा लिथियम (मानसिक आजारावरचं औषध) चालू असेल तर तेही आधीच सांगायचं.

आता किडनी. चढं बीपी अंगावर काढणं किडनीला जास्त महाग पडतं. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर किडनी बरीच अशक्त झालेल्या रुग्णांचं बीपीही क्लोर्थॅलिडोननं उतरलं. त्यात काहींचं क्रिएटिनिन चढलं, म्हणूनच ती तपासणी. जुनं, स्वस्त औषध म्हणून नाक मुरडू नका. ३३ हजारांवर रुग्णांच्या ऑलहॅट चाचणीत (२००२) हृदयविकाराचे झटके टाळण्यात ते ॲम्लोडिपिन आणि लिसिनोप्रिल या बीपीच्या दुसऱ्या औषधांच्या बरोबरीनं उतरलं.

काकूंची भीती अगदीच हवेतली नाही, पण त्यांचं बोट चुकीच्या जागी आहे. गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन चिठ्ठीशिवाय नेणारे खूप. टेल्मिसार्टन, क्लोर्थॅलिडोन आणि ही वेदनाशामकं, तिन्ही एकदम पोटात गेली आणि त्यात जुलाब-उलट्या किंवा कडक ऊन आलं, की किडनीचा रक्तपुरवठा घटतो आणि क्रिएटिनिन एकदम उसळी मारतं. आईंना दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मापात. औषध मागताना 'बीपीची गोळी चालू आहे' एवढं काउंटरवर सांगितलं तरी पुरतं. जुलाब-उलट्या लागल्या, अन्नपाणी टिकेना, तर लगेच डॉक्टरांना फोन करून विचारा: आज ही गोळी द्यायची की थांबवायची? अशा दिवशी बरेचदा ती तात्पुरती थांबवायला सांगतात.

जुनं पाकीट काय केलंत? टेल्मिसार्टनच्या नावापुढे एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, सीटी किंवा सीएच म्हणजे क्लोर्थॅलिडोन, एएम म्हणजे ॲम्लोडिपिन, अशी साधारण रीत आहे. नावं इतकी सारखी की जुनी साधी गोळी सकाळी आणि नवी जोडगोळी रात्री, असं दोन्ही चालू राहतं. जुनं बाजूला काढायचं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. दुसऱ्या कुणा डॉक्टरांकडे गेलात तर सगळी पाकिटं दाखवा. पाय सुजले म्हणून शेजाऱ्याची फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवीची आणखी जोरदार गोळी, मागून आणणं तर नकोच. ॲम्लोडिपिननं आलेली सूज तसल्या गोळीनं फारशी उतरतही नाही.

वेळ सकाळची, न्याहारीनंतर, म्हणजे रात्री उठावं लागत नाही. या वयात अंधारात संडासाकडे जाताना पडून खुबा मोडणं ही बीपीइतकीच मोठी भीती. सकाळी राहिली तर दुपारपर्यंत द्या. संध्याकाळ झाली असेल तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दोन नकोत. क्लोर्थॅलिडोनचा असर दिवसभराहून जास्त टिकतो. उठताना भोवळ येते का बघा. घरी मशीन असेल तर बसून आणि मग उभं राहून एक-दोन मिनिटांनी बीपी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरत असेल तर तो डॉक्टरांना कळवा.

एकादशी. पाणी पिऊन, भगर, ताक, फळं खाऊन करत असतील तर सहसा अडचण नाही. निर्जळी मात्र या दोन औषधांवर करू नये, आणि आषाढीच्या वारीत चालत जायचा विचार असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. उपवासाला चालतो म्हणून पाकिटातला खारा बटाट्याचा चिवडा मूठ-मूठ खाल्ला जातो, तेवढा घरात आणू नका.