'द्वीपराष्ट्र ताहिती' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: ओशनिया नेशन्स कपवरच्या मराठी मजकुरात 'द्वीपराष्ट्रांची फुटबॉल स्पर्धा' आणि '२०१२चा विजेता, द्वीपराष्ट्र ताहिती' असं वाचलं. हे बरोबर आहे का? साधं 'बेट' म्हटलं तर बिघडतं का?

'द्वीपराष्ट्र' हा शब्द बांधेसूद आहे, फिजी, सामोआ, वानुआतू यांना तो शोभतोही. अडचण ताहितीची आहे, कारण ताहिती राष्ट्र नाही. फ्रेंच पॉलिनेशिया हा फ्रान्सच्या ताब्यातला प्रदेश आणि ताहिती हे त्यातलं सगळ्यात मोठं बेट. संघाला नाव या एका बेटाचं, पण तो खेळतो सगळ्या फ्रेंच पॉलिनेशियाच्या वतीने.

२०१२ची अंतिम लढत सॉलोमन बेटांवर, होनियारात झाली. समोर न्यू कॅलेडोनिया होता, तोही फ्रान्सच्याच अखत्यारीतला; उपांत्य फेरीत त्याने न्यूझीलंडला २-० असं गारद केलं होतं. स्टीवी चाँग ह्यूच्या एकमेव गोलवर ताहितीने चषक जिंकला. म्हणजे 'नेशन्स' कपच्या अंतिम सामन्यात सार्वभौम राष्ट्र एकही नव्हतं! उलट तुवालू आणि किरिबाती ही दोन्ही स्वतंत्र राष्ट्रं, संयुक्त राष्ट्रांची सदस्यही. पण फिफाचं सदस्यत्व त्यांच्याकडे नाही. फुटबॉलचा 'राष्ट्रीय संघ' आणि राज्यशास्त्रातलं 'राष्ट्र' यांचा असा मेळ बसत नाही. म्हणून माझ्या मते ताहितीच्या मागे 'द्वीपराष्ट्र' लावू नये.

मग 'देश' चालेल? मला वाटतं, चालेल. मराठीत 'देश' पूर्वापार सैल शब्द आहे. सह्याद्रीच्या पूर्वेचा मुलूख तो 'देश', तिथली माणसं 'देशावरची'. त्यात सार्वभौमत्वाचा काही संबंध नाही. गंमत म्हणजे २००४च्या फ्रेंच कायद्यातही फ्रेंच पॉलिनेशियाचा उल्लेख 'सागरापारचा देश' असाच आहे.

आता 'बेट' आणि 'द्वीप'. 'द्वीप'मध्ये द्वि आणि अप्, म्हणजे दोन्हीकडे पाणी, अशी संस्कृत फोड आहे. मराठीत हा शब्द एकटा फारसा फिरत नाही. द्वीपकल्प, द्वीपसमूह, लक्षद्वीप असा जोडीनेच येतो. मालदीवमधला 'दीव' तोच. बोलण्यात मात्र आपण बेटच म्हणतो: मुंबईची सात बेटं. बांबूच्या दाट जाळीलाही आपण बांबूचं बेटच म्हणतो. 'बेट' या अर्थाचा अरबी शब्द 'जझीरा' तर मुरुडच्या जंजिऱ्यात आपल्या रोजच्या वापरात आहे. तेव्हा 'बेट' लिहिण्यात काहीही कमीपणा नाही. फक्त 'बेटराष्ट्र' हा जोड मला कानाला खटकतो. त्यापेक्षा 'बेटांचा देश' सरळ वाटतो.

स्पर्धेला काय म्हणायचं? 'पॅसिफिकमधल्या बेटांची फुटबॉल स्पर्धा' म्हटलं की ताहिती, न्यू कॅलेडोनिया, फिजी सगळे त्यात सुखाने मावतात. न्यूझीलंडही मावतो. तोही बेटांचाच देश आहे, तरी त्याला 'द्वीपराष्ट्र' म्हणताना मी मराठीत क्वचितच कोणाला ऐकलं आहे. ऑस्ट्रेलिया मात्र बेट नव्हे, खंड; पण त्याची अडचण आता उरलेली नाही: २००६ साली तो ओशनिया सोडून आशियाई फुटबॉल महासंघात गेला.